चाळीस उलटे ब्रॅकेट

कुतैसीत वस्तू आधी, कागद मागे.
डोळ्यासमोर वस्तू ठेवायची,
नजर तिच्यावरून पलीकडच्या भिंतीवर टाकायची,
भिंतीवर जे उमटेल ते काढायचं.
म्हणून डावीकडून दिसतं ते कागदावर उजवीकडे.
एकवीस वर्षं मी असंच काढलं
आणि त्यापायी एकही पंप उलटा फिरला नाही.

इरीत कागद मध्ये येतो.
काचेची पेटी असते म्हणे, वस्तू तिच्यात कोंडलेली,
आपण काचेवर गिरवायचं, मग पेटीच्या बाजू उलगडायच्या,
डावं डावीकडेच, वरचं वरच.
ड्वेननं हे मला बुटाच्या खोक्यावर समजावलं.
खोक्याला झाकण नव्हतं,
आत त्याच्या डब्यातली दोन संत्री होती.

पण ते नंतर. आधी ब्रॅकेट.

नोकरीचा नववा दिवस.
साधंच ड्रॉइंग: एक भोक, मध्यापासून जरा सरकलेलं,
एका अंगाला चपटा कान.
मी सवयीनं काढलं, सवयीनं सही केली,
नेस्तान ग., रकान्यात तेवढंच मावलं.
खालच्या कोपऱ्यात ते चिन्ह,
दोन वर्तुळं, शेजारी टोक छाटलेला शंकू,
कंपनीच्या चौकटीत आधीच छापलेलं.
शंकू वर्तुळांच्या कोणत्या बाजूला बसलाय
हे मी पाहिलंच नाही.
दाराला कडी असायचीच, तसं ते असेल म्हटलं.

शुक्रवारी मशीनवरून चाळीस नग उतरले.
मापं अचूक, कडा गुळगुळीत,
आणि एकूणएक नग आरशातला.
उजव्या हातात डाव्याचा हातमोजा
तसे ते पंपाच्या अंगाला बसेनात.

कुणी ओरडलं नाही. तेच जड गेलं.
कुतैसीत ओनिसेनं टेबलावर मूठ आपटली असती,
माझ्या बापापर्यंत पोचला असता
आणि संध्याकाळी त्यानंच माझा पेला भरला असता.
इथे एक गुलाबी फॉर्म आला.
'कारण' या शब्दापुढे दीड इंच जागा.
दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर, मी मनात केलं,
वर एक दशांश उरला, तोही धरला.
लिहिलं: मी दुसऱ्या बाजूनं पाहत होते.

मग शिकले.
रात्री जेवणाचं टेबल पुसून,
एका टोकाला तेक्लाचा गृहपाठ, दुसऱ्या टोकाला माझा.
तिला महिना आधी लिहायचा, दिवस नंतर.
मला स्वल्पविरामाच्या जागी टिंब.
अर्धा इंच लिहिताना टिंबाआधीचं शून्य गाळायचं.
टिंबानंतरची मात्र मोजून ठेवायची:
तीन घरं लिहिली तर कारागीर केसभर हलत नाही,
दोनच लिहिली तर हात जरा सैल सोडतो.
'म्हणजे टिंबाच्या आधीचं काही धरतच नाहीत?'
एकाहून लहान असेल तर नाही, मी म्हटलं.
ती खोडरबर शोधायला उठली.

एकोणचाळीस भंगारात गेले.
चाळिसावा मी डब्याच्या पिशवीतून घरी आणला,
स्वयंपाकघराच्या खिडकीला ठोकला.
त्याच्या कानावर तारखुनाची कुंडी नीट बसते.
निदान तिला बाजू विचारावी लागली नाही.

हात शिकतो, कुरकुरत का होईना.
आता डावं डावीकडे जातं.
फक्त कधी पंप अडल्याचा फोन येतो,
घाईत पाकिटाच्या पाठीवर काही खरडते,
आणि वस्तू पुन्हा पुढे येते, कागद मागे सरतो.
ड्वेन ते पाकीट उचलतो,
पाहतो, कपाळाला आठी,
मग पालथं करून दिव्यासमोर धरतो.
रेघा मागून दिसतात.
बरोबर आहे, म्हणतो,
आणि तसंच, उलटं धरून, मशीनकडे घेऊन जातो.